ऐकून घेण्याचं ट्रेनिंग

१३ जून २००५, सोमवार

हिअर वेगळं आणि लिसन वेगळं! आज दिवसभर एवढंच. नुसतं कानावर पडलं ते हिअर, आपण होऊन कान दिला तर लिसन. शिकवणाऱ्या नीरजा मॅडम सदाशिव पेठेतल्या. अगदी गोड आवाजात सोलून काढतात. मला म्हणाल्या, "संभाजीराव, आपण ऐकताय, की नुसतेच हजर आहात?" सगळे हसले. मीही हसलो – काय करणार! शनिवारची परीक्षा पास झालो तरच कॉल सेंटरची नोकरी पक्की. बिबवेवाडीत आमच्या भावकीत इंग्रजीतून पोट भरणारा मी पहिलाच असेन.

१४ जून

पुस्तक उघडलं की बंद करावंसं वाटतं.

संध्याकाळी धाकटी बहीण मैना गच्चीवर आली. वाळलेले कपडे काढायचं निमित्त. बारावीला बहात्तर टक्के पडलेत तिला, नर्सिंगला जायचंय. आणि आबांनी फुरसुंगीचं स्थळ धरून ठेवलंय. म्हणाली, "दादा, तुला इचारल्याबिगर आबा सुपारी फोडणार न्हाईत. तू फकस्त नको म्हण. माझं कोन ऐकतंय?"

म्हणतो म्हटलं. डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. वेडी कुठली!

१५ जून

आज हीड. सांगितलेलं मनावर घेणं म्हणजे हीड. मी विचारलं, "आमचे आबा म्हणतात पोरं ऐकत नाहीत, ते हेच ना?" मॅडम म्हणाल्या, "वा! म्हणजे जाग आहे तर." छाती फुगली. पुढे नोटिस, वॉच, ऑब्झर्व्ह – लक्षाच्या एवढ्या जाती! आपल्याकडे 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून एक टप्पल मारली की काम भागतं.

दुपारी नवीन धडा. समोरचा बोलताना आपण गप्प राहायचं नाही. मध्ये मध्ये 'राइट', 'शुअर', 'आय सी' पेरत जायचं, म्हणजे गिऱ्हाईक निवांत होतं. शेजारी बसणारा माधव कुजबुजला, "लक्ष नसलं तरी चालतं रे, आवाज गेला पाहिजे."

स्वारगेटला बसची वाट बघताना मी मनात सारखं शुअर, शुअर करत होतो. एक आजोबा दोन पावलं लांब सरकले.

१६ जून

आज आबांशी बोलणारच होतो. पण ते प्लॉटच्या मोजणीवरून आधीच तापलेले. म्हटलं, आगीत तेल कशाला? शनिवारी परीक्षा झाली की बोलतो. पक्का पगार असलेल्या पोराच्या शब्दाला वजन येतं.

मैना दारातून बघत होती. मी मान हलवली – नंतर.

१७ जून

उद्या! परीक्षेत जिचा कॉल घ्यायचाय, ती बिघडलेल्या फ्रीजची तक्रार करणारी अमेरिकन बाई सकाळपासून डोक्यात बडबडतेय. आंघोळ करताना तीच, जेवताना तीच. काय जेवलो ते विचारलं तर सांगता येणार नाही.

१८ जून, शनिवार

पास!! मॅडम म्हणाल्या, "त्या बाईला वाटलं असेल, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं." म्हणजे कौतुकच.

येताना पेढे घेतले. आबांच्या हातात ठेवायचे आणि लगेच मैनाचं बोलायचं, असं वाटेतच ठरवलं होतं.

दारात चपलांचा ढीग. आत फुरसुंगीची मंडळी. सुपारी फुटलेली! मैना साडीत, कपाळभर कुंकू. मी तिच्यापुढे पेढे धरले. तिनं घेतला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पाहुण्यांदेखत काही बोलता येईना. अंगाची नुसती आग होतेय. मला न विचारता? घरातला कर्ता पोरगा आहे ना मी? उद्या आबांना सोडत नाही.

१९ जून

विचारलं. आबा म्हणाले,

"परवा जेवताना इचारलं की तुला. दोनदा इचारलं. बरं बरं म्हनलास."

मैना तेव्हा भाकरी वाढत होती.