दक्षिणेची भिंत

१२ ऑक्टोबर
लोकांच्या घरांचे काढते तसे आज आपल्याच घराचे भूकंपात टिकण्याचे गुण काढले — ०.३८. निदान एक हवा. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, आजच बाहेर पडा! आकडा लिहिला आणि चहा टाकला.
कोसाकु जाऊन एकतीस दिवस. नवरा गेल्यावर काहीतरी वाटायला हवं. काहीच वाटत नाही.

१५ ऑक्टोबर
सासूबाईंपुढे नकाशा ठेवला. दक्षिणेला सगळी सरकती दारं, वर कौलांचं ओझं. भूकंप झाला की उत्तरेच्या भिंती धरून ठेवतील, दक्षिण लचकेल, घर पिळवटून पडेल. पितरांच्या देव्हाऱ्यासमोरची दोन दारं काढून भिंत घालायची. आत तिरके दांडे, खांबांच्या पायाशी लोखंडी पट्ट्या.
"तिथे? तिथून कोसाकुची शवपेटी निघाली. त्याच्या बापाची निघाली. मला काय पुढच्या दारानं काढणार, पाहुण्यासारखी?"
"बाजूच्या दारानं, आई."
"बाजूला संडास आहे!"
नकाशा गुंडाळला.

१६ ऑक्टोबर
मिसोचं सूप खारट झालं. दोघींनी तसंच संपवलं.

२१ ऑक्टोबर
कोसाकुचा कामातला जोडीदार तोकुदा सुतार खांब ठोकून बघून गेला. म्हणाला, "वहिनी, म्हातारीला तरी स्वयंपाकघराकडे झोपवा."
"तिकडेच झोपतात त्या."
"मग दक्षिणेला कोण?"
"मी."
सासूबाई दारात उभ्या होत्या.
खरं सांगायचं तर, आधी कुठली तुळई पडेल ते मला ठाऊक आहे. तरी अंथरूण तिच्याखालीच घालते. मुद्दाम नाही. हलवायचं कशाला, इतकंच.

२२ ऑक्टोबर
सासूबाईंनीच तोकुदाला फोन लावला. "घाल भिंत! मला काय, खिडकीतून काढा. माझी सून झोपते तिथे!"
मग माझ्याकडे वळून, "एक गेला त्या वाटेनं. पुरे झालं. ऐकतेस ना?"
ऐकलं. आत काही हललं नाही.

३० ऑक्टोबर
कोसाकुचा एकोणपन्नासावा दिवस, सुतकाचा शेवटचा. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. भिंत कालच पुरी झाली. गुण १.०४.

४ नोव्हेंबर
सकाळी जेवताना भूकंपाचा धक्का बसला. लहानसाच. भान आलं तेव्हा मी अंगणात — अनवाणी, हातात भाताचा वाडगा!
आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, भिंत तूच घातलीस ना? पळतेस कुठे?"
भ्यायले. जिवाला भ्यायले मी!