डावा पंख

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्यावर प्रेमसिंग ड्रायव्हर ओट्यावर टेकला आणि तुमचं अर्धं राहिलेलं विमान मागू लागला. तेव्हापासून माझं डोकं तापलंय. बोलू कुणाशी? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

"वहिनी, मला द्या. त्यांचा हात मला ठाऊक हाय, मी पुरं करतो बराबर," म्हणाला. त्याला तुमचा हात ठाऊक! आणि मला?

प्लास्टिकच्या विमानांचे डबे हैदराबादहून तोच आणायचा, कबूल. वारंगा फाट्यावर ट्रक लावून तुमच्या घड्याळाच्या दुकानात घुसायचा. तुम्ही तुकडे जोडून घरी रंगवत बसायचात. शेवटी पंखावरच्या त्या बारीक खाचा, खऱ्या विमानाच्या पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या. टर्पेंटाइनमध्ये ऑइल पेंट पातळ करून ब्रशचं टोक खाचेला टेकवायचात. मी चहा घेऊन आले की, "काहून हलून राहिली? रंग पसरंल." हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्या दिवाळीत प्रेमसिंगच्या हाती ब्रश दिलात. मला पुसायचा कापूससुद्धा नाही!

विळीनं माझं बोट कापलं तेव्हा मान वर न करता "हळद लाव" म्हणालात. आणि पंखावर मात्र किती हळू फुंकर घालायचात. सवत म्हणून बाई आली असती तर तिच्याशी भांडले तरी असते. वीतभर विमानाशी काय भांडू? मला त्याचा हेवा वाटायचा, अगदी पोटातून.

आज दुपारी ते विमान खाली काढलं. उजवा पंख तुमचा रंगवून झालेला, डावा कोरा. तुमच्यासारखाच रंग कालवला आणि ब्रश टेकवला.

अहो, रंग आपला आपण पळाला! खाचेतून सरळ गेला, कोपऱ्यावर वळला, पुढच्या खाचेत शिरला. मी काही केलंच नव्हतं. एका जागी बोट लागून डाग पडला, तो कापसानं पुसला तर खाली रेघ तशीच, केसाएवढी बारीक. मी एकटीच हसले, मग रडले.

इतकं सोपं होतं हे? मला वाटायचं, काहीतरी अवघड विद्या असेल, म्हणून मला देत नाहीत. हे सुख तुम्ही दोघांनीच वाटून घेतलंत! प्रेमसिंगवरचा राग आता निवलाय. सगळा तुमच्यावर आलाय.

त्याला निरोप धाडलाय, विमान मिळणार नाही. पुढच्या खेपेला हैदराबादहून नवा डबा आण, माझ्यासाठी.

तुम्हाला शब्द देते, हे विमान मीच पुरं करीन. तुमच्या पंखाला हात लावणार नाही. पण माझी रेघ तुमच्याहून बारीक निघाली, तर थोडा हेवा तुम्हीही करून बघा.

तुमची,
शकुंतला