रुखवतातली नळी

ओझर, ९ एप्रिल २००४

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं.

माझ्या लग्नात तू सासरच्यांना सांगितलंस, “जाड आहे म्हणून धाप लागते. दमा-बिमा काही नाही.” त्यांनी माझं रात्रीचं जेवण बंद केलं. मी बारा वर्षं न्हाणीघराला कडी लावून दम्याचा पंप ओढला. नंतर गुळण्या करा, असं डॉक्टर सांगायचे. पण गुळण्यांचा आवाज सासूबाईंच्या कानावर गेला असता, म्हणून कधी केल्या नाहीत.

आता माझा आवाज बसला तो बसलाच. नव्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला. म्हणाल्या, “वजनाने धाप वाढते, खरंय. पण घसा वजनाने नाही गेला. औषध छातीत उतरायचं सोडून इथेच चिकटत राहिलं.” त्यांनी पंपाला लावायची प्लास्टिकची नळी दिली, चांगली तांब्याएवढी. तिच्यातून ओढलं की घशात औषध कमी साचतं. ती मुठीत लपत नाही, एवढाच तिचा दोष.

काल तुझी उज्ज्वला आली. आठवड्यावर लग्न आणि पर्समध्ये पंप. म्हणाली, “आत्या, पप्पा म्हणतात तिकडे कुणाला दिसू देऊ नकोस. मग गुळण्या कुठे करू गं?”

मी तिला तसलीच नळी आणून दिली. बराच वेळ हातात फिरवून तीच म्हणाली, “रुखवतात ठेवू या?”

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रुखवत मी मांडणार आहे. अनारशांच्या ताटाशेजारी नळी असेल. व्याह्यांनी विचारलं, हे काय, तर तूच सांग. माझ्या घशातून आता आवाज निघत नाही.

तुझी जाड बहीण,
ललिता