सरलेला सांगितलेलं टोरांटो

२० ऑक्टोबर १९५४, बुधवार

टोरांटोहून तार. ऑफिसच्या पत्त्यावर आली, म्हणून माझ्याच हाती पडली. शुक्रवारच्या वादळात तिथल्या हंबर नदीला पूर आला, काठावरची घरं वाहून गेली. त्यात दिनकरचं बिऱ्हाड. देह सापडला. मित्रांनी तिथेच अग्नी दिला.

माझा दिनू.

सरलेला सांगितलं नाही. तिचं हृदय तोळामासा — डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये. हातपाय धुऊन तिच्या पलंगाशी बसलो. रोजच्यासारखं म्हणाली, "वाचा ना पुढचं." दिनूने टोरांटोच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक पाठवलंय. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून संध्याकाळी मी मराठीत सांगतो. लेक राहतो ते गाव तिला मुळापासून ठाऊक हवं.

आज सांगितलं — सरोवराकाठी, चिखलातलं चिमुकलं यॉर्क. अमेरिकन सैनिकांनी ते जाळलं. लोकांनी पुन्हा उभारलं, पुढे नावही बदललं, टोरांटो झालं. आवाज कसा फुटला, देव जाणे.

२२ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरच्या सेनबाबूंनी पेपरात पुराचं वाचलं होतं. जिन्यात बंगालीत विचारलं, "छेले भालो आछे तो?" — मुलगा बरा आहे ना? मी पायरीवरच बसलो. त्यांना सांगावंच लागलं. वर काही बोलू नका म्हणून हात जोडले.

२४ ऑक्टोबर

"पत्र नाही आलं?"

"पूजेच्या सुट्ट्यांनी टपाल तुंबलंय."

धडधडीत खोटं. मग घाईघाईने पुढचं सांगितलं — रेल्वे आली, कारखाने आले, धुराडी उभी राहिली.

"आपल्या हावड्यासारखं?"

"तसंच."

हसली. मला तिच्याकडे बघवेना.

२६ ऑक्टोबर, दिवाळी

गल्लीत कालीपूजेचा दणदणाट. सरला पडल्या पडल्या म्हणाली, "दिनूच्या नावाने एक पणती लावा." लावली. वाऱ्याने दोनदा विझली.

२७ ऑक्टोबर

पुस्तक उघडलंच नाही. डोकं दुखतंय म्हणालो.

३० ऑक्टोबर

आज १९०४ची आग. बाजारपेठेचा मधला भाग सगळा बेचिराख.

"माणसं किती गेली?"

"आगीत कुणी गेलं नाही, असं लिहिलंय."

"नशिबाच्या आया," म्हणाली.

पत्राचं विचारलं नाही. हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

३ नोव्हेंबर

पुस्तक संपलं. पुढचं शहर दिनूच्या जुन्या पत्रांतून — गावाचा मुख्य रस्ता खणून जमिनीखालून गाडी नेली. त्या गाडीच्या नकाशांवर त्यानेही काम केलं होतं. यंदा मार्चमध्ये ती सुरू झाली. "आई, अर्धं गाव लोटलं होतं. मी दारातच चेंगरून उभा होतो, पण काय मजा आली!"

इथे खोकला आल्याचं सोंग केलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

मार्चच्या पुढे काय सांगू?

४ नोव्हेंबर

पलंगाशी बसलो. सरलेने माझा हात धरला.

"आज मी सांगते," म्हणाली. "तुम्ही ऑफिसात होतात, सेनबाबूंची बायको मला भेटायला आली आणि रडायलाच लागली. दिवाळीच्या आधीच. तिथे फार मोठं वादळ झालं. नदीला पूर आला. काठावर एक घर होतं..."

मग म्हणाली, "तुम्ही अजून रडला नाहीत. रडा आता."