डावीकडे झुकलेल्या चित्रपटाची हकीकत

तीर्थस्वरूप भाऊजी यांना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं जमिनीला व्यवस्थित टेकली आहेत. आठवं, म्हणजे डोकं, डाव्या खांद्याकडे वळलेलं असल्यामुळे पलंगाच्या पायावर आपटलं. तेवढं गोड मानून घ्यावं.) आपली प्रकृती उत्तम असेलच. हाडांच्या डॉक्टरांना काही होत नाही, जे व्हायचं ते त्यांच्या मेव्हण्यांना होतं. ताईचे गुडघे कसे आहेत? घरात डॉक्टर असताना ती शेजारणीने दिलेलं तेल चोळते, यावरून तिचा आपल्यावर किती विश्वास आहे ते कळतंच, पण तो विषय मी काढणार नाही.

आपण माझ्या मानेसाठी पुढच्या आठवड्यात दवाखान्यातली खाट अडवून ठेवली आहे आणि मी टाळाटाळ करतो म्हणून आपण जरा नाराज आहात, असं ताईने कळवलं. (आपण स्वतः फोन केलात तेव्हा वापरलेले शब्द यापेक्षा दणदणीत होते, पण ताई पहिल्यापासून सभ्य.) मी का येत नाही ते एकदा सविस्तर सांगावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण मध्येच बोलता.

मी कॅमेरामन आहे हे आपल्या लक्षात असेल. नसेल, तर आपल्या लग्नात आपण ज्याला ‘काय करतोस’ असं विचारलंत आणि उत्तर ऐकून ‘ते ठीक, पण नोकरी कुठे’ असं पुन्हा विचारलंत, तो मी. यंदा माझ्या वाट्याला दुभंगलेल्या मनाचा चित्रपट आला. नायक दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो आणि संध्याकाळी तोच, दुसराच माणूस होऊन, त्याच लोकांचा काटा काढतो. (धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे, असं आमच्या निर्मात्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यांचा मूळ व्यवसाय फरशांचा.) दिग्दर्शक फार शिकलेले आहेत. त्यांना खुर्ची दिसत नाही, खुर्चीत ‘अनुपस्थिती’ दिसते. चहाचे दोन कप शेजारीशेजारी ठेवलेले दिसले की ते द्वैत असतं, मग त्याला हात लावायचा नाही. त्या द्वैतापायी आम्ही सगळ्यांनी अख्खं चित्रीकरण गार चहावर काढलं. नायकाच्या घरातल्या काळ्यापांढऱ्या फरशीवर तर एका समीक्षकाने अर्धा रकाना खर्ची घातला. जाणीव आणि नेणीव, पाप आणि पुण्य, वगैरे. खरं सांगायचं तर निर्मात्यांच्या गोदामात पडून असलेली पांढरी फरशी खोलीभर पुरेना, म्हणून मधूनमधून काळी टाकली.

आता मानेकडे येतो. दिग्दर्शकांना पहिल्याच दिवशी एक दृश्य कपड्यांच्या कपाटाच्या आतून हवं होतं, नेणिवेच्या नजरेतून. नेणीव म्हणजे काय हे मला आजही नीट कळलेलं नाही, पण ती कपाटात राहते आणि खालच्या कप्प्यात मावते, एवढं त्या दिवशी समजलं. मी घडी करून आत बसलो, मांडीवर कॅमेरा, डोकं वरच्या फळीखाली. दार ओढून घेतलं ते अडकलं. बाहेर नायक दुभंगत होता, त्याची समाधी मोडू नये म्हणून मला हाक मारायचीही बंदी होती. तो पुरता दुभंगून झाल्यावर सुताराची शोधाशोध सुरू झाली, तर सुतार जेवायला गेलेला. दार उघडलं तेव्हा कॅमेरा सरळ निघाला आणि मी वाकडा.

त्यात ट्रायपॉडला मज्जाव. (‘मनाला ट्रायपॉड नसतो’ हे त्यांचं वाक्य सेटच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.) कॅमेरा खांद्यावर, मान डावीकडे, त्यामुळे मला जे सरळ दिसायचं ते मॉनिटरवर असं दिसायचं की घराचा एक कोपरा जमिनीत खचतोय. आता आपलं काम गेलं, या तयारीने मी माफी मागायला गेलो. दिग्दर्शक मॉनिटरसमोर नुसते उभे. डोळ्यांत पाणी. माझा हात धरून म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं?” भाऊजी, मान हलत नसली की माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि गप्प राहिलं की लोक विचारवंत समजतात. मी गप्प राहिलो. त्या दिवसापासून पुढचा सगळा चित्रपट डावीकडे झुकला. आपण कुरियरने पाठवलेला मानेचा पट्टाही वाया गेला नाही. मी तो घालणार एवढ्यात दिग्दर्शकांनी काढून नेला. उत्तरार्धात नायकाच्या गळ्यात जे ‘विवेकाचं जोखड’ दिसतं ते आपलंच.

राहिले आरसे. अशा चित्रपटात आरसे लागतातच, आणि त्यात नायकाशिवाय कोणी दिसू नये हे बघणं कॅमेरामनचं काम. एरवी मी झोपेतही चुकलो नसतो. पण मान एकीकडे आणि कॅमेरा दुसरीकडे असला की आपण स्वतः नक्की कुठे उभे आहोत याचा अंदाज राहत नाही. नायक अर्धीच दाढी करतो त्या दृश्यात आरशाच्या कोपऱ्यात मी आलो. मान वाकडी, एक डोळा मिटलेला, तोंड उघडं. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दिग्दर्शक नायकाकडे बघत होते आणि निर्माते फरशीकडे. मला ते कळलं थिएटरात, बायकोने चिमटा काढला तेव्हा. तिने मला स्वेटरवरून ओळखलं. (तो स्वेटर बदला म्हणून ती गेला हिवाळाभर मागे लागली होती.) त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. दोन दिवस मी फोन बंद करून घरात बसलो.

तिसऱ्या दिवशी परीक्षण आलं. ‘नायकाची दोन रूपं सर्वांनाच दिसतात,’ समीक्षकांनी लिहिलं होतं, ‘पण आरशात क्षणभर चमकून जाणारा तो तिसरा किती जणांनी पाहिला?’ पुढे त्या तिसऱ्याच्या उघड्या तोंडात त्यांना आदिम किंकाळी दिसली. (मला जांभई येत होती.) संध्याकाळी दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलं की तो तिसरा त्यांना फार वर्षांपासून छळतो आहे. आठवड्याच्या आत चित्रपटाचा दुसरा भाग जाहीर झाला. तो सगळाच्या सगळा तिसऱ्यावर. तिसऱ्याचं काम करणार मी, चित्रीकरण करणारही मी, आणि दोन्ही वाकड्या मानेनेच.

भाऊजी, वीस वर्षं मी चौकटी सरळ लावल्या. आपण पाणसळ लावून तपासाव्यात इतक्या सरळ. त्या काळात माझं नाव कोणी विचारलं नाही. एका चित्रपटात तर माझ्या जागी कॅमेरा भाड्याने देणाऱ्या दुकानाचं नाव छापलं होतं. मान वाकडी झाली आणि आता माझं नाव पोस्टरवर येणार आहे, नायकाच्या नावाच्या शेजारी. हे सगळं मी हसतहसत लिहितोय, पण याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि तरीही ते पोस्टर मला हवं आहे. तेव्हा ती खाट दुसऱ्या कोणा गरजूला द्यावी. माझ्या मानेला आपण हात न लावणं, हेच माझ्यावर मोठे उपकार होतील.

ताईला सांगा की मी जेवतो, झोपतो आणि स्वेटर बदलला आहे. कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर मेव्हणा समजून पोटात घालावं.

आपला,
शरीराने वाकडा, मनाने सरळ मेव्हणा

ता. क. — निर्मात्यांना आपल्या सहीचा एक दाखला हवा आहे, की दुसरा भाग पुरा होईपर्यंत ही मान सरळ होणार नाही. फरशी घेताना ते अशीच हमी मागतात. त्यावर दवाखान्याचा शिक्का ठळक उमटवावा.

ता. क. दुसरा — दाखला देऊ नका, आपल्यावर बालंट येईल. आपल्यापासून काय लपवायचं, मान सरळ झाली आहे. दुसरा भाग जाहीर करायच्या समारंभात दिग्दर्शकांना भरून आलं आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटलं खिशातलं पेन मोडलं. (पलंगाच्या पायाचं मी वर लिहिलं ते खोटं, त्याची क्षमा असावी.) तेव्हापासून घरी सरळ आणि सेटवर वाकडा असा मी दिवस काढतोय. पण वरचं पत्र लिहून झाल्यावर काल मान मुद्दाम वाकडी धरून कॅमेऱ्याची चाचणी घेतली, तर चौकट सरळ आली. हाताची सवय, दुसरं काय. दिग्दर्शकांनी ती पाहिली आणि ‘आत्मा गेला’ एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्याअखेर पुन्हा चाचणी आहे. तीही सरळ आली तर दुसरा माणूस घेणार. तेव्हा ती खाट कोणालाही देऊ नका, मी येतोय. जन्मभर आपण वाकड्या माना सरळ केल्यात, घरातली एक वाकडी करायला आपल्याला काय जड आहे? फक्त डावीकडे करा. उजवीकडे झाली तर कथा बदलावी लागेल.

ता. क. तिसरा — निकड अशासाठी की हल्ली माझा गोंधळ उडतो. परवा स्टुडिओच्या फाटकावर सरळ मानेने गेलो तर पहारेकऱ्याने ओळखलंच नाही, आणि घरी येऊन वाकड्या मानेने ताटावर बसलो. बायको म्हणाली, “तुम्ही असाल तर जेवा, तो आला असेल तर त्याला बाहेर बसू दे.” म्हणून आपलं उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठवावं. स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवलंत तर ते तो उघडून वाचेल, आणि तो मला सांगत नाही.