बेल-भंडारा उचलला तो दिवस

अप्पा, काल मी चाचांकडे जाऊन आलो. आपल्या उसाला अकरा वर्षं पाणी देणारे, आणि एका सकाळी तुम्ही कामावरून काढून टाकलेले चाचा. आता श्रीगोंद्याला मुलीकडे असतात. कानाने कमी ऐकतात, त्यामुळे जे हळूच सांगायचं ठरवून गेलो होतो ते ओरडून सांगावं लागलं. सगळ्या आळीने ऐकलं असेल.

सामाईक विहिरीवर त्या दिवशी काकांची पाळी होती. सगळे जेवायला गेलेले बघून मी त्यांच्या कांद्याचं पाणी आपल्या उसात वळवलं. वीस वर्षांचा घोडा होतो, नकळत झालं म्हणायलाही तोंड नाही. काका भांडायला आले, मी कानावर हात ठेवले. पाणी वळवणारा आम्हा दोघांपैकीच एक, म्हणून तुम्ही चाचांना आणि मला देवळात नेलंत. बेलाची पानं आणि देवाची हळद, म्हणजे भंडारा, हातात घेऊन 'पाणी मी वळवलं नाही' अशी शपथ घ्यायची. मी बिनदिक्कत घेतली. चाचा हात मागे बांधून उभे राहिले. "मालक, माझा धरम येगळा. भंडारा उचलला तरी तुमी म्हनाल, ह्याला काय त्याचं! अकरा वर्सं माझं काम बघताय, त्याच्यावरनं ठरवा." तुम्ही ठरवलंत. हळद माझ्या हाताला लागलेली, म्हणून मी खरा.

तीस वर्षं हे पोटात घेऊन फिरलो. देवाची भीती कधी वाटली नाही, पण बाजारात चाचा दिसले की मी गल्ली बदलायचो. काल सगळं सांगून मान खाली घालून बसलो, तर म्हातारा हसायलाच लागला.

"आरं, मालक येऊन गेल्तं की माझ्याकडं! फुडल्या साली तुला पुन्यांदा पानी वळवताना त्यांनी सोता बघितलं. म्हनले, मानूस सोडून भंडाऱ्याला इचारलं, लई चुकलो. कामाला ये म्हनले, म्या न्हाई आलो. च्या मातुर दोघांनी घेतला."

काकांच्या पाळीला तुम्ही विहिरीच्या काठावर का बसून राहायचात, ते मला काल कळलं. मला एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, अप्पा. निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "येत जा," म्हणाले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुम्ही आता नाहीत, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. तुम्हाला माहीत होतं हे ऐकल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती एसटीत बसल्यावर.