सासऱ्यांच्या गाडीत सराउंड साउंड

२ फेब्रुवारी
सासऱ्यांकडे चहा. चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं की वीस तारखेला लायसन्स संपतंय आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आता गाडी चालवणं बंद. तर त्या दिवशी सासूबाईंना शेजारी बसवून तलावापर्यंत एक शेवटची चक्कर मारायची. गाडी नवी घेतली तेव्हा पहिली चक्करही तिथलीच होती. नंतर गाडी घरातल्याच कुणाकडे तरी जाऊ दे, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नीट दिसत नाही हे मान्य. पण मान माझ्याच दिशेला होती.

तेव्हा गाडी आपली. तिला काय कमी आहे? आवाज! डॅशबोर्डमधला मूळचा रेडिओ नुसता खरखरतो. दोघं म्हातारे ती खरखर ऐकत शेवटची चक्कर मारणार? मी असताना?

ठरलं. नवा स्टिरिओ. ब्लूटूथ, टचस्क्रीन, स्पीकर, सगळं. दोघांच्या आवडीची गाणी भरून तयार ठेवायची. सासऱ्यांना वीस तारखेपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही.

३ फेब्रुवारी
ही म्हणाली, एखाद्या इलेक्ट्रिशियनला दे. मी फक्त हसलो. मग तिने मिक्सरचा विषय काढला. मिक्सर मी दुरुस्त करतोय. दिवाणाखाली आहे म्हणजे सोडून दिला असं होत नाही.

व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने बोलता बोलता स्टिरिओ बसवला. त्याची गाडी गेल्या वर्षीची होती. पण वायर ती वायर.

५ फेब्रुवारी
सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी आणली. सासरे गाडीमागून गेटपर्यंत चालत आले. म्हणाले, जावईबापू, हिच्या बॅटरीची एक गोष्ट सांगून ठेवतो. मी म्हटलं, बाबा, नंतर सांगा, मागे ट्रॅफिक आहे. (एक सायकल होती. पण सरप्राइज सांभाळायचं तर असं बोलावं लागतं.)

गाडी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, खांबाला चिकटून. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तिच्याकडे बघून सलाम ठोकला.

८ फेब्रुवारी
जुना रेडिओ काढला. म्हणजे निघाला. मी ओढत होतो, तो एकदम हातात आला आणि मी मागच्या सीटवर. ही म्हणाली, फेकू नकोस. बुटांच्या खोक्यात घालून तिच्याकडे दिला. माणसं अशी अडगळीत जीव अडकवतात.

रेडिओच्या वायरी कुणा अडाण्याने चक्क उलट्या जोडल्या होत्या. आणि बॉनेट उघडून बघतो तर बॅटरीच्या प्लसची जाड वायर थेट गाडीच्या पत्र्याला! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जाऊ दे. तो आपला विषय नाही, आपला विषय संगीत.

९ फेब्रुवारी
नवा स्टिरिओ जुन्या रेडिओच्या जागेत मावत नाही. कंपनीची चूक. डॅशबोर्डचं लाकूड थोडं कापावं लागेल. सासरे ते लाकूड दर रविवारी पुसत. थोडंच कापायचं आहे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
थोडं जास्त कापलं गेलं. स्टिरिओ आता मावतो आणि पलीकडे पडतो.

११ फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. गाडी कशी आहे? म्हटलं, मजेत. म्हणाले, ती बॅटरीची गोष्ट राहिली सांगायची. म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. फोनमध्ये आमच्या कुकरची शिट्टी त्यांना ऐकू गेली असावी, कारण ते, बरं बरं, म्हणाले आणि बराच वेळ फोन ठेवलाच नाही.

मागच्या दारांत स्पीकर बसवले. दणदणीत बसलेत. फक्त मागच्या काचा आता खाली होत नाहीत, कारण काच जिथे उतरते तिथे स्पीकर आहे. तरी चालेल. बाहेरचा आवाज नकोच.

१३ फेब्रुवारी
जोडणी. व्हिडिओप्रमाणे काळी वायर पत्र्याला, लाल वायर करंटला. बटण दाबलं. फट्. स्टिरिओचा फ्यूज उडाला. हल्ली फ्यूज काय दर्जाचे बनवतात कुणास ठाऊक.

दुसरा लावला. तोही उडाला. तिसराही. दुकानदार म्हणाला, साहेब, फ्यूज उगाच उडत नाही. मी म्हटलं, तुम्ही फ्यूज विका.

१४ फेब्रुवारी
ही म्हणाली, आता तरी बाबांना विचार. कसं विचारणार? मग सरप्राइज कुठलं? ज्याला चकित करायचं त्यालाच विचारायचं, हा कुठला न्याय.

१६ फेब्रुवारी
फ्यूजची कटकट कायमची मिटवली. चॉकलेटच्या चांदीची घट्ट गुंडाळी करून फ्यूजच्या जागी बसवली. हा काही उडत नाही.

१६ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
नाही उडाला. त्याऐवजी डॅशबोर्डमधून धूर आला. आधी बारीक, मग पार्किंगभर. मास्तर बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी ती माझ्यावर ओतली. मी म्हटलं, मास्तर, धूर गाडीतून येतोय. म्हणाले, हो, पण पेटलेले तुम्ही दिसत होता. हिने धावत येऊन बॅटरीची वायर काढली तेव्हा धूर थांबला.

डॅशबोर्डमागच्या सगळ्या वायरी एकमेकींना चिकटल्यात. बॅटरीची वायर परत लावून किल्ली फिरवली, तरी काहीच होत नाही. दिवा नाही, हॉर्न नाही. गाडीला काय कमी होतं म्हणून मी तिच्यात हात घातला?

हे वाक्य खोडायचं आहे.

१८ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन आला, वाकून बघून गेला. पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, वीस तारखेपर्यंत शक्य नाही. मी विनवण्या केल्या. तो म्हणाला, साहेब, मी देव नाही.

जेवण गेलं नाही. हिला सांगितलं, बाबांना तू सांग. म्हणाली, तूच सांगायचंस. मी म्हटलं, उद्या.

१९ फेब्रुवारी
सांगितलं नाही. त्यांचाच फोन आला. कोणता शर्ट घालू, असं सासूबाईंना विचारत होते, फोन चालू आहे हे विसरून. पांढरा घाला, त्या म्हणाल्या. मी फोन बंद केला.

२० फेब्रुवारी
सकाळीच दोघं रिक्षाने हजर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. सासूबाईंच्या केसांत फूल. मी गाडीचं दार उघडून दिलं. सासरे ड्रायव्हरच्या सीटवर बसले, डॅशबोर्डवर हात फिरवला आणि हात त्या भोकात गेला.  किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नुसते बसून राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी विचारलं, काळी वायर पत्र्याला लावलीत? म्हटलं, हो. म्हणाले, त्या काळच्या या गाडीत प्लस पत्र्याला असतो, जावईबापू. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. तेवढंच सांगायचं होतं.

मग हिने तिची छोटी गाडी पुढे आणली, दोर बांधला आणि म्हणाली, बाबा, स्टिअरिंग धरा. सासूबाई त्यांच्या शेजारी, मला मागे बसवलं. अशी निघाली वरात: पुढे बायको, मागे दोराला बांधलेली गाडी, तिच्यात सासरे एखाद्या मंत्र्याच्या ड्रायव्हरसारखे ताठ. वळण आलं की हात बाहेर काढून दाखवत होते. मी मोबाइलवर त्यांच्या आवडीचं गाणं लावलं. सासूबाई म्हणाल्या, बंद करा ते. इंजिनाच्या आवाजात यांचं बोलणं मला कधी ऐकूच आलं नाही. आज येतंय.

सासरे लाजले. दर वळणावर, घट्ट धर गं, म्हणत होते. म्हणे पहिल्यापासून म्हणतात. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम, आणि मागच्या काचा बंद असल्याने घामही आला.

तलावाशी थांबलो. सासऱ्यांनी किल्ली काढली, शर्टाला पुसली. मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली हिच्या हातात ठेवली. माझ्या हाताला ग्रीस होतं, म्हणून असेल.

१५ मार्च
वायरिंग झालं. उभं राहून हिनेच करून घेतलं. जुना रेडिओही बसवला. भोक मोठं झालंय, म्हणून रेडिओच्या बाजूंना माझे मोजे कोंबलेत. या गाडीत माझं म्हणून तेवढं टिकून आहे.

आज सगळे तलावावर. गाडी ही चालवत होती, शेजारी सासरे, मागे सासूबाई आणि मी. रेडिओ खरखरत होता. आवाजाला बेस अगदीच नाही. बोललो नाही. इंजिन, क्लच, चढावर काय करायचं, सासरे हिला सगळं हळूहळू सांगत होते. मी पुढे वाकून म्हटलं, बाबा, मलाही सांगा ना काहीतरी, आता मी ऐकतो. त्यांनी मागे वळून पाहिलं, अगदी प्रेमाने. म्हणाले, आता काही राहिलं नाही, जावईबापू. हिला सगळं सांगून झालंय.

मी जरा वाऱ्यासाठी काचेचं हँडल फिरवलं. माझ्या बाजूची काच खाली होत नाही. आत माझा स्पीकर अजून आहे.